नळीतली देवी

आम्हा देवी टोचणाऱ्यांना एका गावात दोनदा जावंच लागायचं. पहिल्या दिवशी पोरांचे दंड टोचायचे आणि आठव्या दिवशी फोड उठलाय का, म्हणजे लस लागलीय का, ते बघायला परत यायचं. मधल्या आठ दिवसांत गावानं आपल्याबद्दल काय काय ठरवलंय, ते दुसऱ्या खेपेला कळायचं. माणसाकडे किस्से साठायला एवढं पुरे! मी तर काळी नदीकडच्या सुप्याच्या रानात असे अकरा हंगाम काढले.

मी मूळचा खानापूरकडचा. लोक मला 'देवी डॉक्टर' म्हणायचे, पण डॉक्टरकीशी माझा संबंध टोचायच्या एका लॅन्सेटपुरताच. बरोबर भैरू शिपाई. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तोंडभर देवीचे वण आणि कुठल्याही गोष्टीवर बोलायला तयार! आमच्या वर एक इन्स्पेक्टर, त्यांना सगळे रावसाहेब म्हणायचे. संध्याकाळी चहा घेताना मित्रमंडळी विचारतात, "त्या रानातलं काहीतरी सांगा की." मग मी सुरू होतो.

*

लस बेळगावहून यायची, काचेच्या बारीक नळ्यांत. काळी नदीच्या काठी एका गावात म्हाताऱ्या कारभाऱ्यानं नळीकडं बोट दाखवून विचारलं, "ह्यात काय हाय?"

"देवीची लस."

म्हातारा दोन पावलं मागं सरला. "देवी? ह्या एवढ्याशा नळीत?"

"देवी नव्हे हो, लस."

"पण देवीचीच न्हवं?"

मी "हो" म्हटलं आणि फसलो! पाट आला. पाटावर नळी बसली. हळदकुंकू आलं, नारळ आला, पलीकडच्या वाडीतून ढोल आला. ऊन चढायला लागलं तसा माझा जीव वरखाली. उन्हात लस मरते. शेवटी ओरडलो, "अहो, देवीला ऊन सोसत नाही, तिला सावलीत घ्या!"

तशी सगळ्यांनी मिळून पाट फणसाखाली हलवला. पूजा झाली आणि म्हाताऱ्यानं आपला सुरकुतलेला दंड पुढं केला. "गावात आली तर पयला मान माझा." त्याच्यामागं सगळं गाव रांगेत! इतकं सोपं काम मला पुन्हा कधी पडलं नाही.

रावसाहेबांनी डायरी तपासली. 'दोन तास उशीर. कारण, पूजा.' त्यावर त्यांनी लाल शाईनं लिहिलं, 'कोणत्या नियमाखाली?'

भैरू म्हणाला, "सायबास्नी कळवा, नारळासंगट नियमबी फोडला आन् निम्मा निम्मा वाटला!"

*

उन्हाचं निघालंच आहे म्हणून सांगतो. पार्सल कॅसलरॉकला गाडीतून उतरायचं आणि तिथून पुढं दोन-तीन दिवसांची पायपीट. फाल्गुनात एकदा अख्ख्या गावात एकाही पोराच्या दंडावर फोड उठला नाही. आठव्या दिवशी बाया दंड उघडे करून आमच्यापुढं उभ्या. एकजण म्हणाली, "आता आमचं पोर चांगलं म्हणायचं का तुमची देवी निजली म्हणायचं?"

परतताना एका घरी पाणी प्यायला थांबलो. घरची म्हातारी अव्वा आमची तोंडं बघून म्हणाली, "काय झालंय?" मी सांगितलं. तिनं कोयता घेतला, परसात गेली आणि केळीचा खुंट तोडून आणला. आतला गाभा कोरला. "ह्यात घाल तुझ्या नळ्या. वर पान गुंडाळ, सांजसकाळ पाणी मार. हितनं दोन दिसांच्या वाटंवर लेकीला फुलं धाडतो आमी, अशीच."

पुढचं पार्सल तसंच नेलं, आणि पुढच्या गावात एकूण एक फोड उठला! मी रिपोर्टात लिहिलं. रावसाहेबांना खरं वाटेना. म्हणाले, "मुक्कामाला पाठवा, स्वतः पाहतो." भैरूनं नळ्यांसकट गाभा नीट बांधून त्यांच्या बंगल्यावर पोचवला.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब जेवायला बसले. पानात केळीच्या गाभ्याची भाजी!

"अरे, यात नळ्या होत्या ना?"

स्वयंपाकी म्हणाला, "व्हय साहेब. लई ओल्या झाल्त्या. उन्हात वाळत घातल्यात!"

*

आठव्या दिवशीची तपासणी रावसाहेब कधीकधी स्वतः करायचे, आणि गावांना त्यांची धास्ती असायची. एका गावात मी पाच पोरं टोचली होती. माझी पाठ वळल्यावर चौघांच्या आयांनी लस पुसून वर लिंबू चोळलं होतं. फोड उठला तो फक्त पाचव्याच्या दंडावर. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

रावसाहेब पारावर बसले. मी नावं वाचली. पहिलं पोर आलं, दंडावर सुरेख फोड. दुसरं आलं, टोपी घातलेलं. तसाच फोड. तिसरं घोंगडीत गुंडाळलेलं. चौथ्याच्या कपाळाला गंध. रावसाहेब खूश! "वा! काय एकसारखी टोचणी आहे तुमची. जणू छापून काढलीये."

मी पाचवं नाव वाचलं. देवळामागून तेच पोर बाहेर आलं, या खेपेला नुसत्या लंगोटीवर. चार-साडेचार वर्षांचं असेल. चालून चालून दमलं होतं. रावसाहेबांपुढं उभं राहिलं, दंड पुढं केला आणि मागं वळून आईला विचारलं,

"अव्वा, आता मी कोण?"

रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी पोराला जवळ घेतलं, आणि त्या चार बायांना बोलावून शांतपणे म्हणाले, "देवी आल्या तर या एकट्याचा फोड तुमच्या चौघींच्या पोरांना पुरणार नाही, बायांनो." त्या दिवशी चौघांना पुन्हा टोचलं. लिंबू कुणी शोधलं नाही.

*

एका वर्षी कॅसलरॉकला प्लेग आला. आधी गोदामात उंदीर पडले, मग रेल्वेची माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली. प्लेगची सुई द्यायला एक तरुण डॉक्टर आले होते आणि मदतीला आम्हा दोघांना धाडलं होतं. ही सुई आमच्या टोचणीसारखी गरीब नव्हती. दंड सुजायचा, ताप भरायचा.

रुळावर काम करणाऱ्या एका गड्याला सुई दिली आणि संध्याकाळी त्याची बायको तरातरा आली. "बरा माणूस तुमच्या हवाली केला, आन् तुमी त्याला आजारी करून धाडलासा!" डॉक्टर बिचारे समजावू लागले. रक्त, जंतू, शक्ती. तिला त्यातलं काही कळेना आणि ती हलेना.

भैरू पुढं झाला. "अक्का, तुजा भाऊ शिकारीला जातोय न्हवं? कुत्र्याचं पिल्लू आणलं की पयलं काय करतोय?"

"वाघाचं कातडं हुंगवतोय."

"मग पिल्लू काय करतंय?"

"थरथरतंय. रातभर केकाटतंय. खात न्हाई."

"आन् वाघ गावात आल्यावर?"

"तेच पयलं भुंकतंय."

"तुज्या नवऱ्याला आमी कातडं हुंगवलंय. आज त्याच्या अंगातलं पिल्लू केकाटतंय, एवढंच."

बाई गेली आणि थोड्या वेळानं आपल्या दोन्ही दिरांना घेऊन आली. डॉक्टर सुई उकळत ठेवता ठेवता मला म्हणाले, "आमच्या पुस्तकात याला चार पानं लागलीत हो. तरी मला नीट कळलं नव्हतं."

*

बागूबाई गवळीण. डोंगरावर म्हशी घेऊन राहणारी, पन्नाशीची. आम्ही पोरांना टोचत असताना म्हणाली, "मलाबी टोच." टोचलं. फोड उठला नाही. दुसऱ्या खेपेला नवीन नळी फोडून टोचलं. नाही. पुढच्या हंगामात पुन्हा. नाहीच! त्याच नळीतल्या लशीनं तिच्या नातवाचा दंड मात्र चांगला उठला होता.

मग एकदा तिनं ताक दिलं तेव्हा माझं लक्ष तिच्या बोटांकडं गेलं. बोटांवर जुने गोल वण, अगदी आमच्या टोचणीसारखे.

"हे कशाचे?"

"पोर व्हते तवाचं. म्हशीच्या सडांवर फोड आल्तं. धार काढताना मलाबी उठलं. आमच्यात हुतंय तसं."

भैरू म्हणाला, "घ्या! म्हशीनं आपल्या आधी नोकरी धरलीया!"

मी रावसाहेबांना विचारलं, हिचं काय लिहू? रजिस्टरात म्हशीसाठी रकाना नव्हता. 'असफल' लिहा, म्हणाले. लिहिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी तिच्या वाड्यावर देवी आल्या. तिच्या सुनेच्या माहेराहून आलेली चार माणसं आजारी पडली. जवळ जायला कुणी धजेना. बागूबाईनं एकटीनं त्यांचं सगळं केलं, पाणी पाजलं, कडुनिंबाच्या पाल्यानं वारा घातला, एकाला मातीही दिली. तिच्या अंगावर एक पुळीसुद्धा उठली नाही.

सगळं निवल्यावर आम्ही गेलो. तिनं तांब्या भरून आणला आणि गोठ्यात जाऊन म्हाताऱ्या म्हशीच्या पायांवर पाणी घातलं, हात जोडले. मी शेजारीच उभा होतो. वाटलं, आता माझ्याही पायांवर घालील.

नाही घातलं!

*

आता हा एक. हा मी सहसा सांगत नाही.

कुळगीच्या बाजूला रानात सात-आठ घरांची वाडी होती. तिथं सोमा नावाचा एक कुणबी होता. तिशीतला, बोलायला गोड. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वाडी रिकामी. आमची चाहूल लागताच बाया पोरांना घेऊन रानात गेल्या होत्या. सोमा एकटा अंगणात उभा होता. "बसा डाक्टर, आणतो," म्हणाला आणि रानात शिरला. एकेकीला समजावत दुपारपर्यंत त्यानं वाडीतली सगळी पोरं आणली. जे रडेल त्याला स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायचा. मी टोचायचो, तो त्याच्या कानात काहीबाही बोलायचा.

निघताना मी विचारलं, "तुझं मूल?"

"मला न्हाई," म्हणाला.

मी त्याची पाठ थोपटली.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या बाजूला देवी आल्या. वाडीतली टोचलेली पोरं सगळी वाचली. एक गेलं. पुंडू, पाच वर्षांचा. सोमाचा. आम्ही टोचायला आलो त्या दिवशी सोमानं त्याला भाताच्या रिकाम्या कणगीत बसवून वर झाकण ठेवलं होतं. गप बस, हूं की चूं करू नको, म्हणून सांगितलं होतं. पोर शहाणं, दुपारभर बसून राहिलं. हे मला सोमाच्या बायकोनं सांगितलं. दुसऱ्यांची त्यानं का आणली आणि आपलं का ठेवलं, ते मी तिला विचारलं नाही. सोमाला तर नाहीच.

पुढच्या हंगामात आम्ही कुळगीला पोचलो तर सोमा वाटेवर उभा. "मी येतो संगट," म्हणाला. तेव्हापासून तो आमच्याबरोबर वाड्यांमागून वाड्या हिंडला. घरात शिरला की इकडंतिकडं बघायचा नाही. सरळ माळ्यावर चढायचा, नाहीतर गोठ्यात, नाहीतर गवताच्या गंजीमागं जायचा, आणि लपवलेलं मूल कडेवर घेऊन बाहेर यायचा. आया रडायच्या, त्याला शिव्या द्यायच्या. तो ऐकून घ्यायचा आणि दंड धरून बसायचा.

हंगामातली शेवटची वाडी. चैत्र लागला होता. शेवटच्या घराच्या दारात नवरा-बायको उभे होते. "आमाला मूल न्हाई," बाई म्हणाली. शेजाऱ्यांनीही सांगितलं, लग्नाला बारा वर्षं झाली, पण खरंच नाही. मी म्हटलं, "चला मग."

सोमा आत गेला होता. मी दारातून बघितलं. कोपऱ्यात कणगी होती. त्यानं झाकण काढून खाली ठेवलं. कणगीत भात नव्हतं. त्यानं वाकून आत हात घातला, मग डोकं घातलं, आणि तसाच उभा राहिला.

"सोमा," मी म्हटलं, "तिथं कुणी नाही."

तो आतच बोलला. हळू, लहान मुलाशी बोलतात तसं.

"भायर ये, बाबा. टोचणारे गेल्यात."

मग त्यानं झाकण उचललं, कणगीवर नीट बसवलं आणि हात झटकत माझ्याकडं आला.

"चला डाक्टर. हितं न्हाई."