जवळच्या बॉलाचं मुसळ

पुंजाजी सुताराला राग आला की तो बोलायचा नाही, रंधा मारायचा. बुलढाण्यातल्या त्याच्या आळीच्या बाया चुलीसाठी ढलप्या न्यायला यायच्या. टोपलं लवकर भरलं की एकमेकींना म्हणायच्या, "आज बिनसलं वाट्टे." महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या साली दिवाळीनंतर त्याच्या दारात ढलप्यांचा जो ढीग लागला, तो पुढची दिवाळी आली तरी हटला नाही. आळीला वर्षभर सरपण पुरलं.

राग होता वामनराव वकिलांवर, आणि रागाचं कारण होती एक काठी.

पुंजाजी मूळचा अमडापूरचा. त्याचा बाप उकंडा गाड्यांची चाकं भरत भरत बुलढाण्याला आला आणि एका गोऱ्या पोलीस साहेबाच्या नजरेत भरला. घाटावरची थंड हवा गोऱ्यांना मानवायची. गावाबाहेरच्या माळावर त्यांनी गोल्फ मांडला होता, सहा भोकांचा. उकंडा साहेबाची पिशवी वाहायचा आणि मोडलेल्या काठ्या सांधायचा. सत्तेचाळीस साली साहेब गेला. जाताना पितळी मुंडक्याची एक नाजूक काठी उकंडाला देऊन गेला. साहेब गेले, माळ राहिला. मग माळावर वकील, डॉक्टर, मामलेदार खेळू लागले. उकंडा वारला आणि पिशवी पुंजाजीच्या खांद्यावर आली. आठवडाभर लाकूड तासायचा वाकस, रविवारी पिशवी.

आता गोल्फ म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते. आमच्या माळावर कुसळं. प्रत्येक भोकाभोवती तेवढं वाळूचं गोल अंगण, आणि वाळू उडू नये म्हणून तिला मोटारीचं जळकं तेल पाजलेलं. साहेबलोक त्याला ब्राऊन म्हणायचे. पुंजाजी त्याला खळं म्हणायचा, कारण ते खळ्यासारखंच गोल आणि घोटलेलं. मधोमध भोकात डालड्याचा डबा पुरलेला. बॉल खळ्यात आला की पुंजाजी पोतं ओढून बॉलपासून डब्यापर्यंतची वाट साफ करायचा आणि मग पिशवीतून काठी काढून खेळणाऱ्याच्या हातात द्यायचा. खेळणाऱ्यानं मागायची नाही. जो पिशवी वाहतो तो देतो, दिली ती घ्यायची. ही रीत उकंडापासूनची. त्या गोऱ्याला काठी निवडताना घाम फुटायचा, म्हणून त्यानं ते काम उकंडावर सोडलं, आणि पुढं सगळ्यांनीच ते चालवलं.

खळ्यातल्या काठ्या दोन. एक ती साहेबाची पितळी, हलकी. दुसरी पुंजाजीनं स्वतः केलेली, आणि तिच्यामागं त्याचा विचार होता.

त्यानं पाहिलं होतं, माणूस वीस पावलांवरून बॉल मारतो तेव्हा त्याचा हात मोकळा असतो. गेला तर गेला, कोणी हसत नाही. पण बॉल दोन हातांवर आला की हात कापतो. फाशीच्या खटल्यात न कापणारे वकील तिथं कापतात. पितळी काठी हलकी, हात कापला की तीही कापते. लांबच्या बॉलाला ती बरी, कारण तिथं हातालाच अंदाज घ्यावा लागतो, किती जोर, किती नाही. जवळच्याला हाताचं कामच नाही.

"जड हत्यार आपल्या वजनानं पडते," तो बायकोला, जनकाबाईला, समजावून सांगायचा. "वाकस पाय ना. हलका असला की हात चालवते, जड असला की वाकसच चालते. जोळच्या बॉलाले हात पाह्यजेच नाही. काठी मांगं न्याची अन् सोडून द्याची."

"ते समदं खरं," जनकाबाई म्हणायची, "पन माहं मुसळ कायले कापलं?"

कारण जड काठीचं मुंडकं जनकाबाईच्या मुसळाचं होतं. वीतभर तुकडा, मागच्या टोकाला मुसळाची वसवी, म्हणजे लोखंडी कडं, तसंच ठेवलेलं, पुढचं टोक रंध्यानं आरशासारखं केलेलं, आणि मधून भरीव वेळूची दांडी. मुसळ फुटलं होतं असं पुंजाजी म्हणायचा. नुसतं चिरलं होतं असं जनकाबाई म्हणायची. त्यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही, आणि नवं मुसळ करून द्यायचं तेवढं राहून जायचं.

पण काठी अशी साधली होती की दोन हातांवरचा बॉल तिच्यापुढून सुटून जात नसे. मामलेदारापासून सगळे ती मुकाट्यानं घ्यायचे. घरच्या माळावर हसणारं कोणी नव्हतं.

हसणारे अकोल्याहून आले. दर साली दिवाळीनंतर अकोल्याची मंडळी खेळायला यायची. त्या साली त्यांच्यात पंजाबराव नावाचे कापसाचे एक जिनवाले होते, पांढरी पँट, तोंडात सुपारी आणि सुपारीच्या मागं सदा एक कोटी तयार. शेवटच्या खळ्यापर्यंत दोन्हीकडचं बरोबर झालं होतं. वामनरावांचा बॉल डब्यापासून दोन हातांवर. आत गेला की बुलढाणा जिंकलं. पुंजाजीनं वाट झाडली आणि जड काठी पुढं केली.

पंजाबराव म्हणाले, "वकीलसाहेब, हे त मुसळ होय. हळद कांडाले आले का लग्नाची?"

"उखळ त तयार हाय," दुसऱ्यानं डब्याकडं बोट दाखवलं. "आता दोन बाया बलवा गानं म्हनाले."

सगळे हसले. आपलेही हसले, हे पुंजाजीनं पाहिलं. वामनरावांचा कान लाल झाला. त्यांनी पुंजाजीच्या हातातली काठी बाजूला सारली, पिशवीत स्वतः हात घातला आणि पितळी ओढली. साहेब गेल्यापासूनच्या सोळा वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. मग त्यांचा हात कापला, पितळी कापली आणि बॉल डब्याच्या काठाला चाटून पुढं गेला.

हरण्याचं पुंजाजीला काही नव्हतं. खेळ आहे. पण वामनराव वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काठीच चुकीची देल्ली यानं. पुंजा, ते मुसळ घरी ने अन् चुलीत घाल. यापुढं काठी मी माही घेत जाईन. तू निस्ती पिशवी धर."

पाहुण्यांचं लक्ष तेव्हा बॉलाकडं होतं, हातांकडं नव्हतं. त्यांना वाटलं, मुसळ ठेवून पितळीही यानंच दिली असेल. आपल्यातल्या तिघा-चौघांनी हात पाहिले होते. ते बुटांकडं पाहू लागले. डॉक्टर तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले.

पुंजाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. जी काठी त्यानं दिलीच नव्हती, तिचा दोष त्याच्यावर. ज्यानं बरोबर दिली तो खोटा, आणि ज्यानं ती लोटली तो शहाणा. तो तडक निघाला. घरी आला, रंधा घेतला आणि बाभळीची एक फळी उभी केली. संध्याकाळपर्यंत फळीची पट्टी झाली आणि पट्टीची काडी.

"सोडून द्या ते काम," जनकाबाई म्हणाली. "आपल्या वाकसावर पोट हाय."

"सोडलं की खोटा ठरलोच."

"मंग भांडा जाऊन."

"कायले भांडू? त्याच्या तोंडानं गेलं, त्याच्या तोंडानं वापस आलं पाह्यजे. जिथी गेलं तिथीच."

"ते वकील होत. त्याहीचं तोंड असं वापस येत नसते."

"पाहू," पुंजाजी म्हणाला. मुसळाची काठी त्यानं चुलीत घातली नाही. आढ्याला खुंटी मारून तिथं लटकवली, जेवताना नजर पडेल अशी.

वर्षभर तो दर रविवारी पिशवी धरून उभा राहिला. वाट झाडायचा आणि चार पावलं मागं सरायचा. कोणती घ्यावी म्हणून कोणी डोळ्यानं विचारलं तर तो आभाळाकडं पाहायचा. वामनराव स्वतः काठी घ्यायचे, आणि घेणार काय, पितळीच. लांबचे बॉल बरे जायचे, जवळचे चुकायचे. एकेका रविवारी तीन-तीन चुकायचे. पुंजाजीला त्याचा आनंद व्हायला हवा होता. उलट जास्त संताप यायचा. सुताराला वाकडी चौकट पाहवत नाही, दुश्मनाच्या घराची असली तरी.

खंडेनवमीला त्यानं वाकस, करवत, रंधा, पटाशी मांडली आणि त्यांच्या शेजारी मुसळाची काठी ठेवून तिलाही हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं द्यायला खुद्द वामनराव दारात आले. आपट्याची पानं पुढं करून खालच्या आवाजात म्हणाले, "पुंजा, मले मालूम आहे तू कोनती देल्ली होती."

"मले बी मालूम हाय जी. पाव्हन्यायले मालूम नाही."

"आता त्याचं काय घेऊन बसला? मानसाच्या तोंडातून निंगून जाते."

"निंगते जी. पन खळ्यात निंगालं अन् तुमी माह्या ओट्यावर येऊन उचलून राह्यले. इथी त सांडलंच नाही."

वामनरावांनी घसा खाकरला. "सोनं त घेशील?"

"दसऱ्याच्या सोन्याले नाही म्हनू नये. सोनं घेतो. बाकीचं खळ्यात."

वामनराव उतरून गेले. जनकाबाई आतून म्हणाली, "येवढा मानूस दारात आला, वाकला. आनखीन काय पाह्यजे तुमाले?"

"वाकला, पन कोनी नसताना," पुंजाजी म्हणाला आणि रंधा घेतला. सणाच्या दिवशी पुजलेलं हत्यार चालवू नये म्हणतात. जनकाबाईनं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

दिवाळीनंतर अकोलेवाले पुन्हा आले. त्या सकाळी पुंजाजीनं आढ्यावरची काठी काढली, पुसली आणि पिशवीत अशी खोवली की वसवी वर चमकत राहील. उखळात डोकं घातलं होतं, आता मुसळाला काय भ्यायचं?

पहिल्या खळ्यावरच पंजाबराव म्हणाले, "मुसळ आलं वाट्टे औंदा बी."

वामनरावांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. खेळ चालत चालत सहाव्या खळ्यावर आला तेव्हा बुलढाणा एकानं पुढं होतं, पण अकोल्याचा बॉल आधीच डब्यात पडला होता आणि वामनरावांचा दोन हातांवर उरला होता. घातला तर जिंकले. नाही तर बरोबरी, आणि गेल्या सालची आठवण पुन्हा ताजी. पुंजाजीनं वाट झाडली आणि सवयीनं चार पावलं मागं सरला.

वामनराव बॉलापाशी उभे राहिले. पितळीकडं त्यांचा हात गेला, थांबला. वर्षभर चुकलेले सगळे बॉल त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. त्यांनी मान न वळवता जुन्या रीतीनं रिकामा हात मागं पसरला.

पुंजाजी हलला नाही.

"दे ना," वामनराव म्हणाले.

"कोनती देऊ जी?"

"तुले मालूम आहे."

"मांगच्या साली बी मालूम होतं. मालूम असून खोटा झालो. औंदा तुमी नाव घेऊन मांगा."

डॉक्टर मधे पडले. "अबे पुंजा, खेळ चालू आहे."

"माहा बी चालूच हाय, डाक्टरसाहेब. साल झालं."

वामनरावांच्या कपाळाची शीर फुगली. पुंजाजीला वाटलं, आता हा पिशवी लाथाडतो. त्याची स्वतःची बोटं पट्ट्यावर पांढरी पडली होती. लाथाडली असती तर त्यानं काय केलं असतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"मुसळ दे," वामनराव म्हणाले.

पुंजाजीनं काठी अर्धी बाहेर काढली आणि तशीच धरून ठेवली. "अन् मांगच्या साली म्या कोनती पुढं केल्ती? खळं तेच हाय, पाव्हने बी तेच हायेत."

वामनराव वाळूकडं पाहून काहीतरी पुटपुटले.

"पाव्हन्यायले आयकू नाही गेलं जी."

तेव्हा त्यांनी मान वर केली आणि कोर्टातल्या आवाजात बोलले. "मांगच्या साली यानं हेच पुढं केलं होतं. तुम्ही लोक हासले, मले लाज वाटली, म्हून मी पितळी घेतली. यानं चुकीची देल्ली म्हनलो, ते खोटं होतं. झालं?"

पंजाबरावांची सुपारी गालातच थांबली.

पुंजाजीनं काठी दिली. वामनरावांचा हात कापत होता, सगळ्यांना दिसेल असा. पण मुसळ मागं गेलं आणि आपल्या वजनानं पुढं आलं, त्याला कापण्याशी देणंघेणं नव्हतं. डालड्याचा डबा खणकन वाजला.

टाळ्या झाल्या. वामनराव सुटल्यासारखे हसले आणि पुंजाजीच्या पाठीवर थाप मारायला आले. "शाब्बास पुंजा."

पुंजाजीनं नेमकी तेव्हाच पिशवी खांद्यावर घेतली, थाप चामड्यावर बसली. "पुंजा माहा बाप म्हने जी," तो म्हणाला. "तुमी पुंजाजी म्हना."

जाताना पंजाबराव जवळ आले, काठीची वसवी बोटानं वाजवून म्हणाले, "बे, मलेबी एक असं करून देशील का?"

"देईन ना जी. बाईसाहेबायले इचारून मुसळ घेऊन या. त्याहीनं देल्लं त करून देतो."

घरी आल्यावर जनकाबाईनं तोंडाकडं पाहिलं. "बोल्ले का?"

"बोल्ले. दोन डाव बोलवा लागलं."

"मंग आता त राग गेला?"

पुंजाजीनं शिडी लावली. माळ्यावर चढला आणि तिवसाच्या लाकडाचा एक ओंडका खाली टाकला, वाळून खडखडीत झालेला. उभा करून पाहिला, जनकाबाईच्या उंचीला मापला आणि वाकस घेतला. वाकसाचं काम झाल्यावर रंधा. मारता मारता मधूनच थांबायचा, वामनरावांचा तो पहिला पुटपुटलेला शब्द आठवायचा आणि पुन्हा जोरानं मारायचा.

संध्याकाळी शेजारची सिंधूताई टोपलं घेऊन आली. ढीग पाहून हळूच म्हणाली, "वैनी, आज बी बिनसलं वाट्टे."

"नाही वं बाई," जनकाबाई म्हणाली. "आज माहं मुसळ करून राह्यले."