पोचट

लघवी धरून ठेवायला सांगितलं होतं. घरून निघताना एक बाटली पाणी, दवाखान्यात पोचल्यावर दुसरी. गर्भ पोटात सोडताना मूत्राशय भरलेलं लागतं, तरच सोनोग्राफीत गर्भाची पिशवी नीट दिसते, असं नर्सने समजावलं होतं. मी हिरवा गाऊन घालून स्टुलावर बसले होते. गाऊन मागून उघडा. पाय जुळवलेले, मुठी आवळलेल्या.

डॉक्टर आत आले ते एकटे नाही. मागे सहा-सात शिकाऊ डॉक्टर. नागावच्या कुठल्याशा रिसॉर्टवर त्यांचं शिबिर चाललं होतं. एकीच्या सँडलला अजून वाळू होती. मला कुणी काही विचारलं नाही. भिंतीवरचा पडदा उजळला आणि त्यावर माझा गर्भ आला.

तिथे गर्भ वाढवायच्या पेटीत कॅमेरा आहे. दर काही मिनिटांनी फोटो काढतो. पाच दिवसांचे फोटो जोडून फिल्म होते आणि कॉम्प्युटर त्या फिल्मला गुण देतो. शाळेत देतात तसे, दहापैकी. मी पहिल्यांदाच बघत होते. एक गोल थेंब. त्याचे दोन झाले. दोनाचे चार. मग सगळे एकमेकांना चिकटून थरथरायला लागले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. कोपऱ्यात माझं नाव होतं, आडनावासकट.

डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. इथे तुकडे पडलेत, इथे उशीर झालाय, असं काहीतरी बोटाने दाखवत होते. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, तुम्ही शेतकरी माणसं. पोचट बी कधी पेरता का?"

सगळे हसले. एकीने ते वहीत लिहूनही घेतलं.

"दहात तीन गुण. हा आपण सोडत नाही. जा, बाथरूमला जाऊन या आणि बाहेर सही करा."

नर्सने कागद पुढे केला. इंग्रजी. मी दहावीपर्यंत शिकलेली आहे. वरचा मोठा शब्द वाचता आला. डिस्कार्ड.

लग्नाला अकरा वर्षं. इंजेक्शनांनी मांड्या काळ्यानिळ्या. ही तिसरी खेप, आणि हा एकच गर्भ उरलेला. या खेपेनंतर तुमची अंडी मिळणार नाहीत, हे याच डॉक्टरांनी आदल्या महिन्यात सांगितलं होतं. म्हणजे फेकायचं होतं ते माझं शेवटचं.

पोचट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. माझं माहेर खारपाट्यातलं, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरचं. बाप मिठागरात, आई भाताच्या शेतात. पेरणीआधी टोपात पाणी घ्यायचं, मीठ कालवायचं, त्यात कोंबडीचं अंडं सोडायचं. अंडं तरंगलं की पाणी तयार. मग त्यात भात ओतायचं. बुडेल ते बियाणं, तरंगेल ते पोचट. ते पोचट मी लहानपणी ओंजळीने काढून कोंबड्यांपुढे टाकलेलं आहे. म्हणून तो शब्द लागला. वांझ हा शब्द ऐकून ऐकून अंगवळणी पडला होता. हा माझ्याच माहेरातून उचलून मला मारला होता.

पण आई दाणा पाण्यात टाकून बघायची, नुसतं रूप बघून ठरवायची नाही. आमच्याकडचं राता भात दिसायला अगदीच किरकोळ. बियाण्याच्या दुकानात कुणी त्याला हात लावणार नाही. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की मात्र तेवढंच उभं राहतं. अर्थात हे सगळं मला तिथे स्टुलावर सुचलं नाही. आता सुचतं. तेव्हा फक्त लघवी लागली होती आणि राग आला होता.

मला समजवायला नवऱ्याला आत बोलावलं. तो कंटेनरवर ड्रायव्हर आहे, रस्त्यावर कुणाच्या बापाला भीत नाही. इथे हात जोडूनच आत आला.

"चल ना," हळूच म्हणाला. "त्यांना कलतं. आपल्याला काय कलतं?"

मी म्हटलं, "मी बाथरूमला जाणार नाही."

एवढंच सुचलं. मी रिकामी झाले की त्यांचं काम सोपं झालं, हे मला कळत होतं.

डॉक्टर म्हणाले, "हट्ट करू नका. आमचा रिझल्ट खराब होतो."

"आणि माझा?"

मला आवरेना. थोडी झाली. स्टुलावरून फरशीवर आली. वाळूचे सँडल मागे सरकले. नवऱ्याने मान खाली घातली. नर्स म्हणाली, "शी, निदान सांगायचं तरी." लाज वाटली. मरावंसं वाटलं. तरी मी पिशवीतली बाटली काढली आणि सगळ्यांसमोर पुन्हा पाणी प्यायले.

"सही करत नाही," मी म्हटलं. "माझा आहे तो. माझ्यात सोडा."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. दुपारी त्यांचं नागावला जेवण होतं. स्वतःच्या जबाबदारीवर म्हणून लिहून द्या, म्हणाले. मी मराठीत लिहून दिलं. दहा मिनिटांत गर्भ आत सोडून काम उरकलं.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. ती त्याच रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. कुजबुजत म्हणाली, "वहिनी, तुजा नाव हाय गो मोठ्या पडद्यावर. गोल गोल काय तरी फुगतंय. लोकं हसतान."

"खाली काय लिहिलंय?"

तिने एकेक अक्षर वाचलं. डी. आय. एस. पुढचं मी ऐकलं नाही. मी पोटावर हात ठेवून पडले होते. इथे तो माझ्यात होता. तिथे त्याला फेकूनही झालं होतं.

पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. काही राहिलं नव्हतं. फोनवर नर्स म्हणाली, "सरांनी सांगितलंच होतं."

खरं आहे. कॉम्प्युटर बरोबर निघाला. मला मूल होणार नाही, आणि हे मी गोड करून सांगणार नाही. नवरा आता लांबच्या फेऱ्या मागून घेतो. घरी असला की टीव्हीचा आवाज वाढवतो.

पण बरोबर निघालात म्हणून हसायचा हक्क मिळत नाही.

मी फिल्म मागायला गेले. पाच दिवस वाढला तो, तेवढंच त्याचं आयुष्य, आणि ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. नापास पोराच्या पेपरासारखं, येईल त्याला दाखवायला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ती आमची असते. पहिल्या दिवशी सही केलीय तुम्ही." केली होती. गठ्ठाभर इंग्रजी कागद होते, बोट ठेवतील तिथे सही. एकही कुणी वाचून दाखवला नव्हता.

आता दर सोमवारी जाते आणि बाहेरच्या सोफ्यावर बसते. शेजारी येऊन बसणाऱ्या बाईला सांगते, कागद मराठीत माग, मगच सही कर. गेल्या खेपेला डॉक्टर स्वतः बाहेर आले. "बाई, त्या फिल्ममधून आता काय मिळणार तुम्हाला?"

काही नाही. मला ठाऊक आहे. पण माझ्या नावाखाली तो शब्द लिहून मी त्यांना कुणाला शिकवू देणार नाही. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. निघताना बाटलीभर पाणी पिऊन निघेन, आणि फिल्म हातात पडल्याशिवाय त्या सोफ्यावरून उठणार नाही. मग सोफा भिजला तरी चालेल.