देवळातलं पीओपी

गावातल्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. भोकरदनच्या रस्त्याला लागलं की ज्वारीच्या वर त्याचा दगडी माथा दिसतो. हातभर जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, आणि मागच्या भिंतीत ही मोठी कमान. कमानीपलीकडं शाळा, मधे नुसता घडीचा लाकडी दरवाजा. आम्ही पाढे म्हणायचो ते वेदीपर्यंत जायचे आणि पाळकसाहेबांचा खोकला आमच्या वर्गात यायचा.

लग्न होऊन आली तेव्हापासून रविवारचं गीत माझी माय सुरू करायची. आवाज एवढासा. घरात तिची हाक शेजारच्या खोलीत पोचली तर नशीब! पण देवळात तोच आवाज छपराला जाऊन खाली उतरायचा आणि शेवटच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्यालाही बराबर ऐकू यायचा.

दोन वर्षांमागं माझ्या थोरल्या भावाला आणि बाकीच्या पंचांना हुक्की आली. भोकरदनच्या मंगल कार्यालयात पीओपीचं छत पाहिलं अन् यांचे डोळे दिपले. झालं! देवळाच्या कौलांखाली गुळगुळीत पांढरं छत आलं, मधे गुलाबाचं फूल, कडेनं निळे दिवे. अरे, इथं काय वरात यायचीय? मी बोलले तर भाऊ म्हणे, "तुला काही कळत न्हाई."

पहिल्याच रविवारी मायनं गीत सुरू केलं आणि आवाज तिच्या पायाशीच पडला. मागून बाया म्हणाल्या, "जरा जोरात!" तिनं जोर लावला तर सूर फाटला. मंग माइक आणला. माइकमधला स्वतःचा आवाज ऐकून ती दचकलीच. "माझा गळा गेला," म्हणाली आणि खाली बसली. त्या दिवसापासून गाणं बंद. भाकरी थापतानाही गुणगुणेना. मला तर रडूच यायचं.

"गळा न्हाई गं गेला, छत आडवं आलंय," मी सांगून दमले. ऐकेल तर शपथ.

यंदा नाताळाआधीच्या रविवारी मी सरळ तिचा हात धरला आणि कमानीतून शाळेत नेलं. पंचांचा उत्साह कमानीपर्यंतच पुरला होता, त्यामुळं शाळेवरची कौलं तशीच उघडी होती. दुसरीच्या बाकांमधे तिला उभं केलं आणि दरवाजाची घडी सारली. "इथून म्हण. बिलकुल हळू."

तिनं डोळे मिटून सुरू केलं. आवाज वर गेला, कौलांना लागला आणि कमानीतून देवळात शिरला. सतरंज्यांवरची माणसं वळून बघू लागली. बघता बघता सगळं देऊळ वेदीकडं पाठ करून शाळेकडं तोंडानं गात होतं. पाळकसाहेबसुद्धा पुस्तक घेऊन मागं चालत आले.

गीत संपलं तरी सूर छपरात जरासा रेंगाळला. माय मान वर करून ऐकत राहिली. "हाय की गं माझा गळा," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात भाऊ ओशाळं हसत जवळ आला. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"ह्या छपराला हात लावशील तर बघ!"