पलीकडच्या खोलीत पाच मिनिटं

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, दुधाच्या डेअरीत बॉयलरवर आहेत. दूध तापवायला वाफ लागते, वाफ बॉयलर देतो आणि बॉयलरकडे भाऊजी बघतात. बघणं हेच काम. एक काचेची नळी असते, तिच्यात पाणी किती उरलंय ते दिसतं, शेजारी दाबाचा काटा असतो. आठ तास ती नळी आणि तो काटा. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हणाले होते, "बसून बघत राहणं ही ज्याची नोकरी, तो घरी कशाला हात हलवणार आहे?" ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते मी उगाच बोलले होते. भाऊजी घरातही खूप करायचे.

डेअरीत एक नियम आहे. बॉयलर क्षणभरही बेवारस सोडायचा नाही. पाळी संपली म्हणून माणूस उठून चालू लागत नाही. पुढचा येतो, नळीसमोर उभा राहतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाणी बघतो. मग जाणारा म्हणतो, "दिला." येणारा म्हणतो, "घेतला." त्यानंतरच जाणाऱ्याने पाठ फिरवायची. लघवीला जायचं असलं तरी हेच.

लग्नानंतर हे खूळ घरात आलं. ताई चहाचा कप पुढे करताना म्हणायची, "दिला." भाऊजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "घेतला." मी कपाळावर हात मारून घ्यायची. मग त्यांना मुलगा झाला. गुटगुटीत होता, म्हणून आम्ही त्याला ठोंब्या म्हणायचो. ठोंब्या एकाकडून दुसऱ्याकडे या दोन शब्दांशिवाय कधी गेला नाही. येणारेजाणारे हसायचे. मला मात्र मनातून कौतुक वाटायचं. इतर घरांत "मला वाटलं तुझ्याकडे आहे" म्हणून जी आदळआपट होते, ती त्या घरात कधीच झाली नाही.

ताई टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायच्या कामाला होती. साडेसातला निघायची. भाऊजींची तेव्हा रात्रपाळी असायची, ते साडेसहाला घरी यायचे आणि आतल्या खोलीत आडवे व्हायचे. ठोंब्या नऊपर्यंत त्यांच्याशेजारी झोपलेला असायचा. मी खालच्याच मजल्यावर राहते, घरी शिवणकाम करते. नऊला वर जाऊन मी त्याला खाली घेऊन यायची. असं सव्वादोन वर्षं नीट चाललं होतं.

त्या दिवशी भाऊजी सोळा तास काम करून आले होते, जोडीदार आजारी पडला होता म्हणून. आणि त्या दिवशी ठोंब्या लवकर उठला. ताईने त्याच्या हातात पावाचा तुकडा दिला, त्याला बाहेरच्या खोलीत गाड्या मांडून दिल्या. आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून तिने सांगितलं, "अहो, हा उठलाय. बाहेर खेळतोय. दिला." भाऊजी म्हणाले, "घेतला." तिने चपला घातल्या, दार बाहेरून ओढून घेतलं आणि ती गेली.

डेअरीत "घेतला" म्हणणारा माणूस नळीसमोर उभा असतो. घरी भाऊजी आडवे होते. डेअरीतले शब्द तेवढे घरी आले होते, उभं राहणं तिथेच राहिलं होतं. आमच्यापैकी कुणाच्या हे कधी लक्षात आलं नाही, कारण तोवर शब्द पुरत आले होते.

न्हाणीघरात टबमध्ये चादरी भिजवलेल्या होत्या. पाणी वीतभर असेल.

मी खाली बाही लावत होते. डोक्यावर त्याची पळापळ ऐकू येत होती, धप धप धप, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग ती थांबली. मी मनात म्हणाले, बरं झालं, थांबला एकदाचा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बाही पूर्ण केली, उलटून पाहिली, दुसरी घेतली. नऊ वाजता वर गेले.

पुढचं मला क्रमाने आठवत नाही. भाऊजी उठून बसले आणि त्यांनी आधी मला विचारलं, "तुझ्याकडे आहे ना?" एवढं आठवतं, आणि टबातला ठोंब्या.

ताईला कुणीतरी कचेरीतून आणलं. ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "ते घेतला म्हणाले होते." आवाजात राग नव्हता. पत्रावरचा पत्ता वाचावा तसं म्हणाली. भाऊजी म्हणाले, "म्हणालो असेन." त्या विषयावर त्या दोघांचं बोलणं एवढंच. अकरा वर्षं झाली, त्यात एका शब्दाची भर पडलेली नाही.

लोकांना वाटलं, हे दोघं वेगळे होतील. झाले नाहीत. भाऊजी तीन आठवड्यांनी कामावर गेले आणि पहिल्यासारखे नळीकडे बघू लागले. आम्ही रडलो नाही असं नाही. पण रडणं लवकर संपलं. नंतर जे राहिलं ते दात काढताना बधिर केलेल्या गालासारखं होतं. गाल आहे हे माहीत असतं, पण हात लावला तर आपला वाटत नाही. ताई कप टेबलावर ठेवायची आणि बाजूला व्हायची. भाऊजी तो नंतर उचलायचे. हातातून हातात काही जात नव्हतं.

चार वर्षांनी मुलगी झाली. तिचं पाऊल ठरत नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागले, आणि तेच चिकटलं. खरं तर तिला भिरभिरायला कुणी दिलंच नाही. भाऊजींनी दिवसपाळी मागून घेतली. घरात पाण्याने भरलेलं भांडं जमिनीवर उभं राहायचं बंद झालं, बादल्या पालथ्या. कपाटं भिंतीला ठोकली, औषधं माळ्यावर गेली, खिडक्यांना जाळ्या लागल्या. आणि एक नियम झाला: भिंगरी ज्या खोलीत, त्या खोलीत मोठं माणूस. जेवणं पाळीपाळीने. ती झोपली की खुर्चीत कुणीतरी बसलेलं. ती दोन वर्षांची होती तेव्हा मला हे बरोबर वाटायचं. चार वर्षांची झाली तेव्हा मी गप्प बसले. ती सात वर्षांची झाली तरी भाऊजी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे, तेव्हा मात्र मला राहवेना.

"भाऊजी, आता पुरे. उद्या ती लग्नाची होईल, तेव्हाही दाराशी उभे राहणार का?"

"बघू," ते म्हणाले.

मग शाळेतल्या बाईंनी बोलावलं. ताईला सुट्टी मिळेना म्हणून भाऊजींबरोबर मी गेले. बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण मधल्या सुट्टीत मैदानावर जात नाही. माझ्या टेबलाशी बसून राहते. मी जा म्हटलं तरी हलत नाही. पुढच्या वर्षी मुलं मोठ्या इमारतीत जातात, प्रत्येक तासाला वर्ग बदलतो, बाईही बदलतात. असंच राहिलं तर तिला पुढे पाठवता येणार नाही. "तिला एकटीला भीती वाटते," बाई म्हणाल्या, "घरी काही झालंय का?"

भाऊजींनी जाळीच्या खिडकीतून मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिला काही झालेलं नाही."

बाईंनी मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्या पन्नाशीच्या, घाईत असलेल्या. घरात काय काय केलंय असं त्यांनी विचारलं आणि भाऊजी सांगू लागले. बादल्या, कपाटं, जाळ्या, विजेच्या बटणांवरची झाकणं, टेबलाच्या कोपऱ्यांना लावलेलं रबर. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो, अशा घरात तीन वर्षांचं मूलसुद्धा पलीकडच्या खोलीत पाच-दहा मिनिटं खेळेल. अधूनमधून डोकावायचं, झालं. ही सात वर्षांची आहे."

"नेमकं कितव्या वर्षापासून एकटं ठेवायचं?" भाऊजींनी विचारलं.

"वय एकटं बघून चालत नाही. मूल बघायचं. थांब म्हटलं की थांबते का? भलतंच काही तोंडात घालते का? काही झालं तर हाक मारते का?"

"थांबते. हाक मारते."

"मग आज पाच मिनिटं. जमलं की दहा. एवढंच आहे."

भाऊजी उठले नाहीत. बाहेर मुलं रडत होती, बाकं भरली होती. त्यांनी विचारलं, "त्या पाच मिनिटांत ती कुणाकडे असते?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळायला जरा वेळ लागला. "तुमच्याचकडे," त्या म्हणाल्या. "दिसत नाही, एवढंच."

ताईला हे सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली नाही, कपडा उलटला. "करा तुम्ही," ती म्हणाली. "मला दिवस सांगू नका."

आम्ही बुधवार धरला. ताई कामावर होती. भाऊजी चारला डेअरीतून आले, हातपाय धुतले, टब पालथा आहे ना पाहिलं, परत जाऊन पाहिलं. मग बाहेरची खोली तपासायला घेतली. कपाट हलवून पाहिलं, खिडकीच्या जाळीचा एकेक स्क्रू बोटाने दाबला, पलंगाखाली वाकले. वीस मिनिटं गेली. भिंगरी खडूंचा डबा मांडीवर घेऊन शांतपणे त्यांच्याकडे बघत होती.

"तू इथे चित्र काढ," भाऊजी तिला म्हणाले. "मी आणि मावशी स्वयंपाकघरात बसतो. पाच मिनिटं."

"दोघं?"

"दोघं."

"मावशी पूर्ण वेळ?"

"हो गं बाई," मी म्हणाले, "मला काय काम आहे?"

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसलो. भाऊजींनी खुर्ची अशी घेतली की बाहेरची खोली त्यांच्या पाठीमागे आली. समोर भिंत, भिंतीवर घड्याळ. हे त्यांनी मुद्दाम केलं असणार. त्यांचे दोन्ही हात टेबलावर पालथे होते. मी कान लावून बसले होते. बाहेर खडू घासल्याचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. आवाज थांबला की मला उठून बघावंच लागतं. मी उठले नाही. भाऊजींनीही मागे पाहिलं नाही, पण त्यांच्या मानेची शीर दोरीसारखी वर आली होती. दीड मिनिट झालं होतं.

तेवढ्यात भिंगरी दारात येऊन उभी राहिली.

"अजून साडेतीन मिनिटं आहेत," भाऊजी म्हणाले.

"माहितीये." ती आत आली, त्यांच्या खुर्चीला वळसा घालून समोर गेली आणि त्यांचं तोंड नीट पाहिलं. मग त्यांच्या हाताला हात लावला. "गार पडलाय," ती मला म्हणाली. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात त्या आवाजात.

"तू का आलीस गं? भीती वाटली?" मी विचारलं.

"मला कशाला वाटेल?" तिला माझी कीव आलेली दिसली. "बाबाला वाटते. मी दुसऱ्या खोलीत गेले की त्याचं तोंड असं होतं." तिने करून दाखवलं. हुबेहूब. "म्हणून मी जात नाही. मोठ्या माणसांना एकटं ठेवायचं नसतं ना. आमच्या बाईसुद्धा मधल्या सुट्टीत अगदी एकट्या असतात."

सात वर्षं आम्ही चौघं त्या घरात वावरत होतो. तीन माणसं तिच्यावर डोळा ठेवून होती आणि ती त्यांच्यावर. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तेवढीच स्वतःची लाज वाटली.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. ते काहीतरी समजूत काढतील, नाही गं म्हणतील, असं मला वाटलं.

"हो," ते म्हणाले. "मला भीती वाटते."

"खूप?"

"खूप."

भिंगरीने विचार केला. मग माझी खुर्ची दोन्ही हातांनी ढकलत त्यांच्या खुर्चीला टेकवली. मी खुर्चीवरच होते, तरी ढकलली. "मावशी, तू इथे बस. मी येईपर्यंत उठायचं नाही हं. बाबा, तूसुद्धा." आणि ती गेली.

पाच मिनिटं झाली. कुणी उठलं नाही. दहा झाली. बाहेर ती स्वतःशीच बडबडत होती, मग गप्प झाली, मग पुन्हा बोलू लागली. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मीही सुचवलं नाही. अर्धा तास झाला.

साडेपाचला ताई आली. बाहेरच्या खोलीतून तिला यावं लागतं, तिथे तिला मुलगी एकटी दिसली असणार. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली, पिशवी खांद्यालाच. तिचा रंग उडाला होता. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिसरी खुर्ची ओढून आमच्याजवळ बसली.

तिने विचारलं, "आपण उठायचं कधी?"

"ती सांगेल तेव्हा," भाऊजी म्हणाले.