कठड्यासाठी दोन मिनिटं

प्यो इन-चल सर शिकवायचे समुद्रशेवाळ. पण बुसानच्या त्या चढावरच्या विद्यापीठात शेजारच्या वस्तीसाठी कसलीही चर्चा ठेवली, की मंचावरच्या टोकाच्या खुर्चीत हेच. भटकी मांजरं, तरुणांची लग्नं, म्हातारपणी मोबाइल, सगळ्याचे तज्ज्ञ. कारण एकच, त्यांना नाही म्हणता येत नसे. बोलायची पाळी मात्र कधी आली नाही. कुलगुरू, नगरसेवक आणि माजी नगरसेवक यांच्या शुभेच्छा संपेपर्यंत जेवणाचे डबे गार व्हायचे. सरांना ते बरंच वाटे. मांजरांविषयी बोलणार तरी काय, कपाळ?

या वेळी मात्र सरांना बोलायचं होतं. विद्यापीठामागच्या दगडी जिन्यावरून ओक-बुन आजींचे यजमान थंडीत घसरले, ते अंथरुणालाच खिळले. आजींचं किंबापचं, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्यांचं, छोटं दुकान, आणि सर तिथलं रोजचं गिऱ्हाईक.

"अहो सर, इतकी वर्षं तिथे फुलदाणीसारखे बसता," आजी किंबाप कापता कापता म्हणाल्या होत्या. "एकदा तोंड उघडा की. जिन्याला कठडा बसवा म्हणावं. उद्या मी पडले तर यांना बघणार कोण?"

"दोन मिनिटं मिळू द्या, बोलतोच."

मिळाली नाहीत. 'शेजारधर्म' या विषयावर नगरसेवकांनी एवढं दळण दळलं, की सूत्रसंचालक बाईंनी जाहीर केलं, "चर्चा झाली असं समजू या. आता नेहमीप्रमाणे घोषणा देत फोटो. प्यो सरांचं बोलणं राहिलंय, तर घोषणा त्यांनीच द्यावी."

सगळी मंडळी फलकाखाली मुठी वळून उभी राहिली. शेवटच्या रांगेत आजी एकट्याच बसून सरांकडे बघत होत्या. सरांना स्वतःची फार लाज वाटली.

"मी म्हणेन 'मागचा जिना'," ते चाचरत म्हणाले, "तुम्ही म्हणायचं 'कठडा बसवू'. तीनदा."

फोटोच्या घोषणेचा अर्थ कोण बघत बसतो? तिन्ही वेळा कुलगुरूंचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

मूठ खाली घेत ते कुजबुजले, "प्यो सर, आपण नक्की काय बसवतोय?"

तोवर आजी काठी टेकत मंचापाशी आल्या होत्या. "कधी बसवताय?" त्यांनी विचारलं.

तासभर बोलणारे नगरसेवक वळून फलक सरळ करू लागले.

"थंडीच्या आत," प्यो सर म्हणाले. मंचावरून त्यांनी दिलेलं ते पहिलंच आश्वासन, आणि कॅमेरा चालू असताना ते खोडायची कुणाची छाती झाली नाही.