खोटी गुच्छी

ती तिसरी मुलगी आमच्या वेस्टमीडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि माझी मैत्रीण माझी राहिली नाही. पुण्यात अकरावीपासून आम्ही दोघी एका स्कूटरवर फिरलेल्या, सिडनीला शिकायला आलो तेही एकत्र. त्या वर्षांत आपल्याकडची मुलं इथे इतकी लोटत होती की भाडं वाटून घ्यायला कुणी ना कुणी मिळायचंच. आम्हाला ही मिळाली. दादरची, आजोळ कोकणात, हाताला चव आणि तोंडात सतत विनोद. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण सेमिस्टर उलटलं तरी हिचं नवेपण ओसरेना. तिचा विनोद संपायच्या आधीच माझी मैत्रीण हसायची. सकाळचा पहिला चहा आता त्या दादरवालीच्या कपात पडायचा. मी जळत होते, आणि ते लपवतही नव्हते.

वसंतातल्या सुट्टीत, माझी शिफ्ट होती त्याच दिवशी, दोघी डोंगरापलीकडच्या पाइनच्या जंगलात जाऊन आल्या. मला विचारलंसुद्धा नाही. येताना पिशवीभर अळंबी आणली, तपकिरी, वळ्यावळ्यांची.

"गुच्छी आहे, गुच्छी! काश्मीरमध्ये केवढ्याला मिळते माहितेय?" दादरवाली म्हणाली.

गुच्छी मी पाहिली होती. बाबांनी एकदा काश्मीरहून तिची माळ आणली होती. माती काढायला आईने एकेक उभी चिरली, तर आत नुसती पोकळी. मी सुरी घेऊन ही एक चिरली. आत गच्च घड्या होत्या.

"ही गुच्छी नाही. टाकून द्या."

"अगं, नो वरीज! आजी अळंबी अशीच करते. उकळायची, पाणी ओतून द्यायचं, वर चार कोकमं. असलं-नसलं विष उतरतं."

अळूची खाज आंबटाने जाते, म्हणून विषही जाणार! मी मैत्रिणीकडे वळले. "तू तरी खाऊ नकोस."

"तिने काहीही केलं तरी तुला खुपतंच," ती म्हणाली. "जळतेस तू."

जळत होतेच, त्यामुळे माझं खरं बोलणंही फुकट गेलं. दोघींनी तशी भाजी करून भाताबरोबर ताटं चाटूनपुसून खाल्ली. मी माझ्या खोलीत नूडल्स खाल्ले.

सकाळी शिफ्टला निघाले तर दोघी उलट्या करून बाथरूमपाशी गळून बसलेल्या. उरलेली भाजी मी डॉक्टरांना दाखवायला डब्यात भरली आणि त्यांना टॅक्सीत घालून हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर म्हणाले, ही खोटी मोरेल, म्हणजे खोटी गुच्छी. उकळून, वाळवूनही तिचं विष पुरतं जात नाही, शिजवताना वाफेतूनसुद्धा अंगात शिरतं. आता लिव्हर तग धरतंय का, ते बघायचं.

"तिघींनी खाल्लं का?"

"नाही, दोघींनीच," मी सांगितलं, आणि त्या घटकेलाही मला वगळल्यासारखं वाटलं.

शिफ्ट सोडून मी मैत्रिणीच्या पलंगाजवळ खुर्चीत बसून राहिले. ती गेली तर या देशात मी भांडू कुणाशी, एवढंच डोक्यात येत होतं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट सुधारले. त्या दुपारी दादरवाली सलाइनचा स्टँड ढकलत आली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"तुझं ऐकायला हवं होतं गं," मैत्रीण म्हणाली.

हेच वाक्य ऐकायला मी खुर्चीला चिकटून होते. पण ते म्हणताना तिने हात धरला होता तो दादरवालीचा. मी दोघींच्या बाटल्या उचलल्या आणि पाणी भरायला गेले.