लोखंडाची पोरगी आणि पॉजचं बटण

चार शहाणी माणसं एका पिक्चरसमोर बसली की किस्से आपोआप साठतात. आमच्या लातूरच्या फिल्म क्लबात तर इतके साठलेत, की कुणी क्लबचं नाव काढलं की मीच विषय बदलतो. लाज वाटते हो!

पिक्चर एकच. जुना जपानी कार्टूनपट. भविष्यातलं शहर, यंत्रांचं राज्य आणि देवीसारखी पुजली जाणारी एक लोखंडाची पोरगी. जागा शिवप्पाअण्णांची, त्यांच्या बियाण्याच्या दुकानावरची खोली. नियम असा, की ज्याला धार्मिक प्रतीक दिसेल त्यानं पॉज करायला लावायचं आणि अर्थ सांगायचा. त्यामुळे शेवट आम्ही कधी पाहिलाच नव्हता.

*

पहिल्याच बैठकीत क्लासवाले कुलकर्णी सर ओरडले, "पॉज! तीन दिवे! ख्रिश्चनांचं त्रैक्य!" नांदेडहून येणाऱ्या मुळे मॅडम म्हणाल्या, "छे! सत्त्व, रज, तम!" वाद पार हातघाईवर आला. तेवढ्यात माझा रिमोटला धक्का लागला. खालचा दिवा हिरवा झाला आणि गाड्या निघाल्या. सिग्नल होता!

*

एकदा मॅडमनी भोकरच्या त्यांच्या मावशींना आणलं. पोरीच्या डोक्यामागं तेजोवलय आलं तशी मावशींनी चपला काढून हात जोडले. सर हसले, "मावशी, कार्टून आहे ते!"

मावशी म्हणाल्या, "मग तुमी कशाचे अर्थ काढून राहिले?"

*

माझंही ऐका. पोरीच्या कपाळावर हिरवं पान दिसलं आणि मी बेलपत्रापासून बोधिवृक्षापर्यंत जाऊन आलो. टाळ्याही मिळाल्या. पिक्चर पुढं सरकला, पोरगी उठून गेली, पान तिथंच! पडदा म्हणजे बियाण्याच्या बॅनरची मागची बाजू. सोयाबीनचं पान पलीकडून उमटलं होतं.

*

अण्णा प्रत्येक वेळी चहा पाजायचे आणि कुलूप लावताना विचारायचे, "ती पोरगी वाचती का न्हाई, तेवढं सांगा."

"अण्णा, स्टोरीत अडकू नका, लेयर बघा!" सर म्हणायचे.

"हाव," म्हणून अण्णा किल्ल्या खिशात टाकायचे. चहा आम्ही प्यायचो, उत्तर मात्र कुणीच दिलं नाही.

*

मग अण्णांच्या बायको, आमच्या वहिनी, वारल्या. अण्णा लिंगायत. त्यांच्यात माणसाला खड्ड्यात बसवून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून माती देतात. आम्ही तिघंही मातीला गेलो होतो. काही दिवसांनी अण्णाच म्हणाले, "आज शेवटपर्यंत लावा. मधी थांबवू नका."

तरी आम्ही नेमका थांबवलाच. पोरीची बॅटरी संपली होती. शहरातल्या लोकांनी खड्डा खणला, तिला त्यात मांडी घालून बसवलं, तळहातावर तिच्याच गळ्यातला इवलासा दिवा ठेवला. "पॉज!" सर ओरडले आणि मी बटण दाबलं.

"ध्यानमुद्रा! म्हणजे बुद्ध!" सर म्हणाले. मॅडमना संजीवन समाधी दिसली. मीही हातातल्या दिव्यावर बोलत सुटलो. अण्णांनी सांगितलेलं आणि अण्णांवर गुजरलेलं, एकालाही आठवलं नाही. आज हे सांगतानाही मान वर होत नाही.

अण्णा उठले. पडद्यासमोर पाठमोरे उभे राहिले. मग वळून माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "सायेब, अर्थ मागून सांगा. आधी माती पडू द्या तिच्यावर. लई वेळ उघडी बसलीय."